सात नंबरचा फलाट आणि माझी अर्धी कवळी

४ मार्च
आज कवळी बसली. पूर्ण नव्हे, अर्धीच. वरचे समोरचे चार दात, बाजूच्या दातांना तारेच्या आकड्यांनी अडकवलेले. माझे स्वतःचे दात पडले नाहीत, मी सोडून दिले. डॉक्टरीण म्हणते हिरड्या सडल्या होत्या. वयाने लहान आहे. कुणापुढे कुठला शब्द वापरावा, कळत नाही.
नंतर लांबलचक सूचना. खाल्लं की काढून धुवा. मऊ ब्रश. गरम पाणी नको. झोपताना काढून साध्या पाण्यात ठेवा. तारांना हात लावू नका. आणि रोज घरी मोठ्याने वाचा, म्हणजे जीभ वळेल. मी हसलो. बसस्टँडवर गाड्या पुकारण्यात माझी हयात गेली. लोक मला 'भोंगा' म्हणतात ते काय उगीच? माझ्या जिभेला ही पोरगी वळण लावणार!

५ मार्च
कुणालाही काही कळलं नाही.
चौकशीच्या खिडकीतल्या सहकाऱ्याने विचारलं, भोंगा, माइकमध्ये पाणी गेलंय का? माइक जुनाच आहे. तक्रार केली. दुपारी नवा आला. त्यातही पाणी गेलंय म्हणतो.

७ मार्च
व्हॉलीबॉलच्या एका संघाने गोंधळ घातला. मी स्पष्ट 'सात' म्हणालो. त्यांनी 'आठ' ऐकलं आणि आठवर लागलेल्या गाडीत जाऊन बसले. मॅच एका गावाला, हे दुसऱ्याच गावाला. समोरच्या संघाने बसल्या जागी चषक नेला.
डेपो मॅनेजरने बोलावलं. म्हणाले, तुम्ही 'थात' म्हणालात. मी म्हटलं, खेळाडूंचे कान कच्चे असतात, सारखी शिट्टी ऐकून. मॅनेजर बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते. दात शोभतात मला.

९ मार्च
ही म्हणाली, अहो, तोंडाला वास येतोय, ती काढून धुता की नाही? मी रात्रीसुद्धा काढत नाही. हातचं हत्यार खाली ठेवायचं नसतं. पण बाईमाणसाचं मन राखावं, म्हणून पातेल्यात घालून चांगली खळखळ उकळली. डॉक्टरीण गरम पाणी नको म्हणाली होती. गॅस तिच्या घरचा जळणार होता का?

१० मार्च
कवळी तोंडात जाईना. वाकडी झाली आहे. माल हलका.
पक्कड घेऊन तारा नीट केल्या. एक आकडा तुटला. हरकत नाही, कोटसुद्धा एकाच खुंटीला लटकतो.

११ मार्च
ही म्हणाली, डॉक्टरांकडे चला. मी नाही म्हटलं. मग म्हणाली, निदान सराव तरी करा, मी वेळापत्रक वाचते, तुम्ही मागून म्हणा. बसलो. तिनेच मला अडवायला सुरुवात केली. 'शाडेशाची' नाही हो, 'साडेसहाची'. सा. सा.
मी सांगितलं, तुझा आवाज कुकरची शिट्टी पुकारायला ठीक आहे, उगाच दात दाखवून अवलक्षण करू नकोस. ती भांडी घासायला गेली. वेळापत्रक मात्र बरोबर घेऊन गेली.

१३ मार्च
उद्या विभागीय साहेबांची तपासणी. संपूर्ण घोषणा जोरात म्हणून पाहिली. कवळी दोनदाच सुटली. तयारी उत्तम.

१४ मार्च
जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे कुणी वाढवून सांगायला नको.
साहेब केबिनच्या दारात उभे. मी बटण दाबलं. 'प्रवाशांनी' मधला 'प्र' जरा ताकदीने गेला. कवळी निसटली, माइकवर आपटली. तो टक्क आवाज सगळ्या फलाटांवर घुमला. प्रवाशांना तो नवीन इशारा वाटला असावा, सगळे एकदम उठून उभे राहिले.
मी टेबलाखाली शिरलो. गाडी सुटायची वेळ झालेली, माइक चालूच. तेवढ्यात ही माझा डबा घेऊन आली. डबा खुर्चीवर ठेवला, माइककडे वाकली आणि साडेसहाची गाडी पुकारली. फलाट, थांबे, सगळं. कागदसुद्धा बघितला नाही.
साहेब कोण बोललं ते बघायला दोन पावलं आत आले. दुसऱ्या पावलाखाली माझी कवळी होती.
साहेबांनी बूट उचलून पाहिला. हिला म्हणाले, बाई, पुढची पण पुकारा. मला काहीच म्हणाले नाहीत. मोठी माणसं अशा वेळी अवघडतात.

१७ मार्च
मॅनेजरने आम्हा दोघांना बोलावलं. हिला माइक, मला हरवलेल्या सामानाचा विभाग. मी विचारलं, तात्पुरतं ना? ते म्हणाले, तुमच्यासाठी स्वतंत्र खोली आहे. म्हणजे बढतीच. मॅनेजरने हात पुढे केला. मी धरायला गेलो. तो हिच्यासाठी होता.
डॉक्टरीण म्हणाली, नवी कवळी करावी लागेल, या वेळी जपा. मी नको म्हटलं. मूळ आवाजच बरा.

२२ मार्च
घरी ही हल्ली बोलत नाही. आवाज राखून ठेवते. काही हवं असलं की बोट दाखवते. मीच बोलतो. ती कान देऊन ऐकते आणि मग विचारते, काय?
खोली छान आहे. छत्र्या, पिशव्या, लहान मुलांचा एकेक बूट. आज एक म्हातारी वाट चुकून आत आली. तिची गाडी कुठे लागते, विचारत होती. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी मला गाडी विचारली. मी उभा राहिलो. छाती भरून, जुन्या थाटात, सगळं सांगितलं: फलाट, वेळ, वाटेतले थांबे. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग पिशवीतून कागद आणि पेन काढून माझ्यापुढे धरलं.
सही मागणारे अजून आहेत तर. झोकात सही करून दिली.
तिने कागद उलटसुलट करून पाहिला. मग बाहेर गेली आणि लाउडस्पीकरखाली मान वर करून उभी राहिली.