हाइंडमोस्टसाठी एक वाक्य

सोमवार, ३ तारीख

मिळाला! शब्द मिळाला, आणि तो कसला — हाइंडमोस्ट! आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत सोपे शब्द ज्येष्ठांना, आणि ज्यांना कुत्रं विचारत नाही ते मला. अर्थ दोन मिनिटांत लिहिला: सगळ्यांत मागचा. 'हल्ली इंग्रज लोकही लास्टवरच भागवतात' असंही टिपलं. आता वापर दाखवणारं एक वाक्य तेवढं राहिलं. ते मंजूर झालं की मी नोकरीत कायम, आणि कायम माणसाला कचेरीचं घर. मेहुण्याच्या घरातल्या एका खोलीत अजून किती दिवस तोंड लपवून राहायचं?

बुधवार, ५

'शर्यतीतला सगळ्यांत मागचा मुलगा रडत होता.' नियम असा, की वाक्यावर कचेरीतल्या चारही जणांच्या सह्या हव्यात आणि कुणाचं मन दुखता कामा नये. उपसंपादकांनी पेन खाली ठेवलं. "आमचा नातू परवाच शेवटून पहिला आला. तुम्हाला कुणी सांगितलं?" घ्या!

गुरुवार, ६

'मागचा घोडा लंगडत होता.' साहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रद्द.

सोमवार, १०

'मागच्या टेबलापर्यंत वारा पोचत नाही.' टायपिस्टबाई उसळल्या. "मागे मीच बसते ना? सरळ नाव घ्या की!"

मग आगगाडी. 'सगळ्यांत मागचा डबा रिकामा होता.' यात कुणाचं काय जातंय? सह्या होणार, तेवढ्यात प्रूफं तपासणारे खुदकन हसले. साहेबांनी विचारलं, "डबा म्हणजे नक्की कोण?" झालं! हसणारे सुटले, मी अडकलो.

खरं सांगतो, रडू आलं. एका शब्दापायी माणसाने इतकं लाचार व्हावं!

मंगळवार, ११

बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "अहो, स्वतःवरच लिहा ना. तुम्हाला दुखलं का, असं कोण विचारतंय!"

बोचलं. पण डोकं आहे तिला.

बुधवार, १२

'आमच्या कचेरीत सगळ्यांत मागे मीच आहे.' पाच मिनिटांत चार सह्या! टायपिस्टबाईंनी चक्क बिस्किट पुढे केलं. साहेब म्हणाले, "याला म्हणतात वाक्य. कसं अगदी खरं वाटतं!"

लगेच घरी फोन केला. ती हसत हसत कचेरीच्या घरात काय काय न्यायचं ते मोजायला लागली.

शुक्रवार, २८

माझ्या फाइलचा निकाल आला. कायम नाही. शेरा — 'कामात सगळ्यांत मागे असल्याचं उमेदवाराने स्वतःच लिहून दिलं आहे.' खाली त्याच चौघांच्या सह्या. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. वाक्य मात्र कोशात जाणार हं!"

घरी आलो तर बायको एकेक भांडं कागदात गुंडाळून खोक्यात भरत होती. मीही शेजारी बसून गुंडाळायला लागलो. निकालाचं अजून सांगितलेलं नाही.