एकोणीस मुलांचं एकच कार्ड

राजाजीनगर,
शुक्रवार, संध्याकाळ

प्रिय अक्का,

तुला जाऊन पावणेदोन वर्षं झाली आणि एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय ती आठवण दाटून आली म्हणून नव्हे, भांडायचंय म्हणून. उद्या सकाळी मला एका आईच्या दारात जाऊन उभं राहायचंय. त्याआधी तुझ्याशी बोलून मोकळी होते, नाहीतर तुझ्यावरचा राग त्या बिचारीवर निघायचा. बिचारी कसली म्हणा! पण ते पुढे सांगते.

तुझ्या आजारपणात तू शाळेतलं अ‍ॅडमिशनचं टेबल सोडलंस आणि लायब्ररीत पुस्तकांना कव्हरं घालणाऱ्या मला उचलून तिथे बसवलंस. का गं? धाकटी बहीण म्हणून? मला कुणाला नाही म्हणता येत नाही, हे तुला मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून ठाऊक होतं. त्या टेबलाचं तर कामच नाही म्हणायचं!

तू बसायचीस तेव्हा फॉर्म बाजूला आणि लसीचं कार्ड समोर. बीसीजी, पोलिओ, गोवरचा पहिला डोस, गोवरचा दुसरा. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायचीस. एक रकाना रिकामा दिसला की कार्ड परत, फॉर्मही परत. वर पोराला बाही वर करायला लावून दंडावरचा व्रण बघायचीस. एका बापाने चिडून विचारलं होतं, तुम्ही काय डॉक्टर आहात का? तू म्हणालीस, डॉक्टर असते तर तुम्हाला दुसरा डॉक्टर मिळाला असता, पण या शाळेत क्लार्क मी एकटीच आहे. मी दारामागे उभी राहून हसले होते. आणि मनात म्हटलं होतं, एवढा कसला ताठा हिचा, कागदच तर आहे.

मग मी आले आणि माझ्या पाठोपाठ कॉम्प्युटर आला. आता फॉर्म ऑनलाइन. कार्डाचा फोटो जोडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, लाल चौकट येते. पालक घरून भरत बसायचे, अडकायचे आणि मला फोन करायचे. दिवसाला पन्नास वेळा तेच. मॅडम, लाल येतंय. मॅडम, स्वल्प, जरासं, बघा ना.

पहिली आली ती केतकी. पुण्याहून नुकती आलेली, नवरा-बायको दोघं आयटीत, मेट्रोजवळच्या नव्या टॉवरमध्ये घर. माझी मराठी ऐकून तिला कोण आनंद! आपल्या कानडी वळणाच्या मराठीला ही नवी मंडळी आधी हसतात, मग गळ्यात पडतात. कार्ड पुण्याला आईच्या कपाटात राहिलंय, पुढच्या आठवड्यात मागवते म्हणाली. मी जरा कां कूं केलं तर लाडात येऊन म्हणते, "काकू, आपल्याच माणसांना अडवणार का हो?"

विरघळले मी. आपल्या विहानचं कार्ड टेबलाच्या काचेखाली होतं. तूच दिलेलं, तुझ्या लाडक्या नातवाच्या अ‍ॅडमिशनसाठी, आणि वर म्हणालेलीस, हे नमुना म्हणून ठेव, कार्ड कसं असतं ते लोकांना दाखव. मी त्याचा फोटो काढला आणि केतकीच्या मुलाच्या फॉर्मला जोडून टाकला. चौकट हिरवी झाली. आठवड्याचा तर प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

तो आठवडा अजून संपलेला नाही, अक्का.

कारण एकदा हात सरावला की काय! एकाचं कार्ड घर बदलताना हरवलं. एकीचा नवरा दुबईला आणि कार्ड त्याच्या बॅगेत. एकाची आजी म्हणाली पोलिओचे थेंब पाजलेत दर वेळी, आणखी काय पाहिजे. एका शिकल्यासवरल्या बापाने मला फोनवर पंधरा मिनिटं शिकवलं की गोवर म्हणजे लहान मुलांचं साधं दुखणं, आमच्या वेळी सगळ्यांना व्हायचं. हो रे बाबा, व्हायचं, आणि काही पोरं त्यात जायची, ती आज फोन करायला उरली नाहीत! हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी सरी सरी, बरं बरं, म्हणाले आणि विहानचं कार्ड जोडलं. एकट्या विहानच्या कार्डावर त्या वर्षी आणखी अठरा पोरं एलकेजीत शिरली. नंतर मागून घेऊ म्हणता म्हणता ती आता पहिलीत पोचली.

आता सान्वीचं सांगते. तू तिला पाहिलेलं नाहीस. विहानच्याच वर्गात आहे, गेल्या वर्षी आली. दोन महिने झाले नाहीत तोच तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. वर्षभर पोरगी हॉस्पिटलातच वाढली म्हण ना. आता औषधं थोडी उतरलीत, डॉक्टर म्हणतात शाळेत पाठवायला हरकत नाही, पण एका अटीवर. तिला स्वतःला गोवरची लस आत्ता देता येत नाही. तेव्हा वर्गातल्या बाकी सगळ्यांचे दोन्ही डोस झालेत, असं शाळेकडून लिहून आणा. गोवर झाला तर तिच्या अंगात त्याच्याशी लढायला काही नाही.

तीन आठवड्यांपूर्वी तिची आई ऑफिसात आली. पोरगी बाहेर व्हरांड्यात मास्क लावून बसली होती, पाठीवर दप्तर घेऊन. नुसतं चौकशीला आली होती तरी दप्तर! आईने कन्नडमध्ये विचारलं, सगळ्यांचं झालंय ना अम्मा, सोमवारपासून आणू का? मी कॉम्प्युटर उघडला. पहिलीचा वर्ग, लसीकरण पूर्ण, सगळ्या चौकटी हिरव्यागार. मला फक्त सही करायची होती.

डॉक्टरांना प्रतीही हव्यात म्हणाली म्हणून एकेक कार्ड छापायला घेतलं. विहान. पुन्हा विहान. मशीन भराभर कागद ओकतंय आणि प्रत्येकावर आपलाच पोरगा! मी ते उलटे करून ठेवत होते, तिला दिसू नयेत म्हणून. आणि तेवढ्यात, आयुष्यात पहिल्यांदा, मी ते कार्ड वाचलं.

गोवरचा दुसरा डोस. रकाना रिकामा.

अक्का, काय म्हणू गं तुला? लोकांच्या कार्डावर बोट ठेवून ओळन् ओळ वाचणारी तू, घरचं कार्ड न वाचता माझ्या हातात दिलंस? नमुना म्हणून? त्या संध्याकाळी मी तुझ्या गिरीशला फोन केला. आधी म्हणाला झालाच असेल. मग बायकोला विचारून आला. शेवटी म्हणाला, "मावशी, त्याच महिन्यात आईचं ऑपरेशन होतं. आम्ही दोघं तिच्याजवळ होतो. नंतर राहूनच गेलं."

आता सांग, यावर मी काय बोलायचं? इतक्या वर्षांत ऐकलेल्या सगळ्या सबबींत ही एकच मला खरी वाटली, आणि रागही हिचाच जास्त आला. तू हॉस्पिटलात होतीस, तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं, सगळं कळतं मला. तरी तू कुणाला तरी आठवण करायला हवी होतीस. मी होते ना! मला सांगायचंस, मी नेलं असतं त्याला.

सान्वीच्या आईला मी त्या दिवशी सांगितलं, सोमवारी आणू नका, माझ्याकडची कागदपत्रं बरोबर नाहीत. का, ते ती विचारत राहिली. मग मी उलटे ठेवलेले कागद सुलटे करून तिच्यापुढे सरकवले. तिने सगळे पाहिले. ओरडेल, हेडमिस्ट्रेसकडे जाईल, असं मला वाटलं. ती फक्त म्हणाली, "तुम्ही हो म्हणाला असतात तर मी सोमवारी तिला आणलंच असतं." आणि पोरीचा हात धरून निघून गेली. दप्तर अजून पाठीवरच होतं.

हेडमिस्ट्रेसकडे मीच गेले. लेखी ताकीद मिळाली. नोकरी तेवढी राहिली, तीही तुझ्या नावावर. मग फोन सुरू केले, आणि या खेपेला मी तू झाले, अक्का. कार्ड दाखवा, नाहीतर मूल सरकारी दवाखान्यात न्या, तिथे लस फुकट आहे. माझ्या घरचं कार्डही अपुरं होतं हे प्रत्येकाला आधी सांगायचे, म्हणजे समोरच्याला भाषण करायला जागा उरत नसे. दहा जणांची खरी कार्डं निघाली, दोन्ही डोस झालेले! इतकी वर्षं ती कपाटात पडून होती आणि यांना एक फोटो काढता येत नव्हता! कपाळाला हात लावला मी. उरलेल्यांसाठी दवाखान्याची सिस्टर शाळेत आली. विहान सगळ्यांत आधी बसला, मोठ्याने रडला आणि मग दिवसभर दंड दाखवत हिंडला.

आता एकच उरलंय. केतकीचं.

कार्ड पुण्याच्या कपाटात कधी नव्हतंच. जन्माच्या वेळच्या लसी सोडल्या तर त्या पोराला काही टोचलेलंच नाही. आमचा यावर विश्वास नाही म्हणते, आमचा मुलगा नैसर्गिक वाढतोय, आमच्या मुलाचं आम्ही ठरवणार. ठरव ना बाई! पण शेजारच्या बाकावरच्या मुलीचंही तूच ठरवतेयस, त्याचं काय? तसं मी बोलले तर थंडपणे म्हणाली, "काकू, तेव्हा तुम्हीच तर चालवून घेतलंत." हेडमिस्ट्रेस म्हणतात, हा काही कायदा नाही, शाळेचा नियम आहे, आणि तो आपणच मोडून ठेवलाय, आता मुलाला काढणार कसं? बरोबरच आहे त्यांचं. ते पोर तरी काय करणार, वर्गात सगळ्यांत आधी डबा संपवतं आणि सान्वी कधी येणार म्हणून बाईंना विचारतं.

म्हणून उद्या तिच्या घरी जातेय. विहानचं कार्ड घेऊन जाणार आहे, रिकामा रकाना आणि आता त्यात पडलेली तारीख, दोन्ही दाखवायला. चहा दिला तर पिईन. काय ऐकवायचं ते ऐकवू दे, दोन वर्षं मीच तिला साथ दिली, तेव्हा तेवढं ऐकलंच पाहिजे.

एक गोष्ट मात्र तुला आजच सांगायला हवी. शेवटच्या आठवड्यात तू माझा हात धरून विचारलं होतंस, टेबल नीट सांभाळतेस ना म्हणून. मी हो म्हणाले. तू बरं म्हणालीस आणि डोळे मिटलेस. तेव्हा ती एकोणीस कार्डं जोडून झाली होती, अक्का.

तुला शब्द देते. केतकी तयार झाली तर पोराला मी स्वतः दवाखान्यात नेईन, सिस्टर सांगेल तितके दिवस थांबेन, आणि मगच सान्वीच्या आईच्या कागदावर सही करेन. तयार झाली नाही तर त्या आईला मीच फोन करून नाही म्हणेन, आणि सोमवारी पुन्हा केतकीच्या दारात उभी राहीन, मंगळवारीही. त्या पोरीला माझ्याकडून हो मिळेल तेव्हा ते खरं असेल. तुला ते मिळालं नाही.

तुझी,
शकू