मागच्या सीटवरचं मराठी

व्हाइटफील्ड, बेंगळुरू

तीर्थस्वरूप गुरुराजअण्णांस धाकट्या रघुनंदनचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वैनींची झोप? देवनहळ्ळीला डोक्यावरून जाणाऱ्या विमानांची आता सवय झाली असेल.

आधी एक हिशेब देतो. मला मराठी येत नाही असं दाखवायला एकूण काय पडलं? नऊ वर्षं, रोजच्या दोन फेऱ्या, न हसता गिळलेले हजारभर विनोद, आणि स्वतःच्या मिशीची निंदा. मिळकत: सात गाड्या.

अण्णा, रिक्षावाल्याला कॉम्प्युटरमधलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाला होता. अजूनही काही कळत नाही. पण मी ज्यांची ने-आण करतो ती सॉफ्टवेअर कंपनीतली पुण्याची मंडळी ड्रायव्हर कानडीच असणार असं धरून चालतात, आणि ऑफिसात कुजबुजायचं ते माझ्या गाडीत मोकळ्या गळ्यानं बोलतात. (आपलं मराठी घराणं इथे तीनशे वर्षं आहे, हे त्यांना कोण सांगणार?) मी आपला कानडीत "सरी मॅडम, सरी सर" करत मान डोलावतो. भरती ऐकली की गाडी घेतली, कपात ऐकली की नवीन गाडीचा विचार सोडला. कंपनीच्या गेटसमोर चहा विकणाऱ्या यल्लव्वाला उद्या दूध किती घ्यायचं, तेही मीच सांगतो. खरं म्हणजे या कंपनीचं सॉफ्टवेअर माझ्या सात गाड्यांवर चालतं. मी माणसं पोचवली नाहीत, तर तिकडे परदेशातली बँक उघडायची नाही!

गेल्या सोमवारी बेळ्ळंदूरला ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली होती. मुग्धाबाई (आमचं कंत्राट यांच्याच सहीनं होतं) शेजारच्या तनयला म्हणाल्या, "महिनाअखेर सगळ्या गाड्या बंद करतेय. या मिशीवाल्याला इतक्यात बोलू नकोस, तोंड पाडून चालवेल."

माझ्या हाताखाली सहा ड्रायव्हर आहेत. सहाही घरं डोळ्यांपुढे आली आणि तोंडून निघून गेलं, "तोंड नाही पाडणार, बाई. पण पोरांना आधी सांगायला हवं, मुलांच्या फिया भरायच्यात त्यांना."

गाडीत एसीचा आवाज ऐकू यायला लागला.

"काका," तनयनं विचारलं, "तुम्हाला मराठी... कधीपासून?"

"जन्मापासून."

ऑफिसातल्या साहेबांविषयी आपण या गाडीत आजवर काय काय बोललो, ते दोघंही आठवत असावेत. (मला सगळं आठवतं, पण मी सभ्य माणूस.) उतरताना बाई म्हणाल्या, "सहा महिने वाढवते, काका. आणि ते... ऐकलेलं?"

"कुठलं, मॅडम? मला मराठी स्वल्पच येतं."

कोणाच्या पाया न पडता मिळवलं, अण्णा! वैनींना आवर्जून वाचून दाखवा.

तुमचा,
रघुनंदन

ता. क. बुधवारी कागद आला. सहा महिने खरे, पण दोनच गाड्यांना. विमानतळाच्या फेऱ्या मिळेपर्यंत उरलेल्या पाच तुमच्या शेतात उभ्या करू द्याल का? पाच ड्रायव्हरही येतील. जेवणाचं वैनींना तुम्हीच विचारा.

पुन्हा ता. क. मंगळवारी, आपली किंमत कळावी म्हणून, मी मुद्दाम एकही गाडी पाठवली नव्हती. सगळ्यांनी घरून काम केलं, आणि ते रोजच्यापेक्षा दोन तास आधी संपलं.