पैजेचा ताड

नोकामी,
ता. ३० ऑक्टोबर १९८३

चि. तेइजीस,
मित्सुएताईचे अ. उ. आ.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. पाऊण पान त्या शुरो-ताडाच्या झाडाची खुशाली आणि उरलेल्या पावात तुझी. वाचणाऱ्याला वाटावं, मोरिओकाला झाडाची बदली झालीय आणि तू त्याचा डबा घेऊन सोबत गेलायस.

झाड दोन हिवाळे जगलं, मान्य. पहिल्या वर्षी तू त्याला आपली गादी गुंडाळलीस आणि स्वतः कुडकुडलास. दुसऱ्या वर्षी थंडीच पडली नाही. तिसरा हिवाळा अजून जायचाय आणि घोडामैदान जवळच आहे. पैज काय होती ते पुन्हा लिहिते, कारण निवृत्त मास्तरांना फक्त दुसऱ्यांच्या वह्यांतलं लक्षात राहतं. आपल्या डोंगरावरचा ताड तुझ्या त्या बर्फात तीन हिवाळे जगला, तर इकडचा माणूस तिकडे रुजतो हे मी कबूल करीन आणि ‘घरी ये’ म्हणून पुन्हा लिहिणार नाही. मेला, तर तू कुलूप लावून इकडे यायचंस. फुमिएला जाऊन चार वर्षं झाली. रिकाम्या घरात एकट्यानं शेवया उकळून खाण्याला तू स्वाभिमान म्हणतोस, मी पित्त म्हणते.

शिवाय मागच्या खेपेला तू आलास तेव्हा मी दाराशी झाडू उलटा उभा केला, हे तू याही पत्रात लिहिलंस. सात वर्षं झाली त्याला! झाडू उलटा ठेवला की नकोसा पाहुणा उठतो, हे मलाही ठाऊक आहे. पण झाडू करणाऱ्यांच्या घरात झाडू उलटेच उभे असतात, टोकं वाकू नयेत म्हणून. तू त्याच घरात वाढलास ना? त्या दिवशी घरात साठ झाडू होते. तुला साठ वेळा हाकलायला मला वेळ कुठला?

वर्षअखेरीला ओसाकाच्या दुकानाला चाळीस झाडू द्यायचेत आणि त्यांच्यासाठी शुरोची साल मिळत नाही. डोंगरात चढून शुरो सोलणारं कुणी उरलेलं नाही. अक्षर वाकडं आलंय ते लेखणीमुळे.

लोभ आहेच. वाढवण्यासारखं काही केलंस तर पाहू.

तुझी ताई


मोरिओका,
ता. १७ नोव्हेंबर १९८३

ती. ताईस,
तेइजीचा शि. सा. न.

वि. वि. इकडे सकाळी अंगणात दंव कडकडतंय. शेजारच्या कुदोबाईंनी मुळ्याचं लोणचं घातलं आणि रिवाजाप्रमाणे मला जास्त दिलं. त्यांच्या मते विधुराला मीठ कमी पडतं.

अक्षर लेखणीमुळे वाकडं आलं, हे वाचून करमणूक झाली. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं ऐकलं होतं, तू अंगणाबरोबर लेखणीही वाकडी केलीस. पण साल मिळत नाही हे वाचून मात्र वाईट वाटलं. म्हणून सोबत पुडकं पाठवतो आहे. उघडून थक्क हो.

रविवारी विळा घासून बसलो आणि आपल्या झाडाची साल स्वतः सोलली. अकरा पापुद्रे निघाले. हात विसरलेले नाहीत, ताई. बाबा म्हणायचे की न सोललेला शुरो म्हणजे दाढी वाढवून लग्नाला आलेला माणूस. आता आमचा बुंधा असा गुळगुळीत आणि गोरा दिसतोय की कुदोबाईसुद्धा थांबून बघून गेल्या. एक हातझाडू तरी नक्की होईल. तो ओसाकाच्या दुकानदाराला दे आणि सांग, हा उत्तरेत पिकलेला माल आहे, जपून वापर.

पैज माझ्या लक्षात आहे. हरायची तयारी तू ठेव. झाडूंच्या बाबतीत मात्र मी जे पाहिलं ते पाहिलं.

प्रेम ठेवावं, टोमणे आवरते ठेवावेत.

तुझा
तेइजी


नोकामी,
ता. २२ नोव्हेंबर १९८३

चि. तेइजीस आशीर्वाद. (उत्तम आणि अनेक हे दोन्ही शब्द तूर्त शिल्लक नाहीत.)

पुडकं उघडलं आणि खरोखर थक्क झाले. छत्तीस वर्षं तू मुलांना शास्त्र शिकवलंस. ती मुलं आज कुठे असतील या विचारानं मला झोप लागली नाही.

अरे शहाण्या, ती साल म्हणजे त्या झाडाचा कोट आहे! इकडे आपण सोलतो कारण इकडे थंडी नाही, आणि तेसुद्धा दोन पुरुष उंच झाडं सोलतो. बाबांनी खांद्याएवढ्या कोवळ्या झाडाला कधी हात लावलेला तू पाहिलास? आणि तू नोव्हेंबरात, मोरिओकात, त्याला उघडं केलंस. वर माझ्याकडे त्याचेच कपडे पाठवतोस आणि थक्क हो म्हणतोस.

तू हरावंस हीच माझी इच्छा आहे, हे मी लपवत नाही. पण थंडीनं हरावंस, मूर्खपणानं नको. तसं जिंकलेलं मला पचणार नाही. म्हणून बाबांचं इरलं पाठवते आहे. शुरोच्याच सालीचं आहे, पन्नास पावसाळे त्यांच्या पाठीवर होतं आणि एक थेंब आत गेला नाही. आधी झावळ्या वर घेऊन सैल बांध. मग बुंध्याला भाताचा पेंढा, त्यावर इरलं. शेंड्यावर टोपी घाल, कारण मधल्या कोंबात पाणी साचून गोठलं की संपलं. मुळाशी पेंढ्याचा हातभर थर दे. आणि तुझा तो विळा कुदोबाईंच्या ताब्यात दे, वसंतापर्यंत परत मागू नकोस.

अकरा पापुद्र्यांपैकी नऊ चांगले आहेत. सोलण्याचा हात खरंच विसरलेला नाहीस, हे लिहिताना मला त्रास होतोय.

झाडावर लोभ आहे. तुझ्याबद्दल विचार चालू आहे.

ताई


मोरिओका,
ता. २ फेब्रुवारी १९८४

ती. ताईस शि. सा. न.

वि. वि. उणे चौदा. गेले पंधरा दिवस बर्फ थांबलेला नाही. छपरावरचा काढून अंगणात टाकतो आणि अंगणातला काढून कुठे टाकायचा याचा विचार करत घरात येतो.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. बाबांचं इरलं, वर माझी जुनी पेंढ्याची टोपी. परिणाम असा की अंगणात एक म्हातारा पाठमोरा उभा आहे असंच वाटतं. पहिल्या सकाळी कुदोबाईंनी त्याला वाकून नमस्कार केला आणि एवढ्या थंडीत बाहेर का, म्हणून विचारलं. झाड आहे हे कळल्यावरही त्या रोज नमस्कार करतात. मध्येच थांबवलं तर बरं दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पोस्टमन तर माझी पत्रं त्याच्यासमोर धरतो. खरं सांगायचं, तर आताशा खिडकी उघडली की मीही सुप्रभात म्हणतो. बाबा जिवंत असताना आमचं इतकं बोलणं कधी झालं नव्हतं.

एक विचारायचंय. इरल्याच्या पुडक्यावरचा पत्ता तुझ्या हातचा नव्हता. आणि गाठी सैल होत्या. तुझी गाठ मी लहानपणी दातांनीही सोडवू शकलो नाही, ही पुडक्याची गाठ वाटेतच सुटत आली होती. हासुद्धा लेखणीचाच दोष का?

कळव. चिडून कळवलंस तरी चालेल.

तेइजी


नोकामी,
ता. ९ फेब्रुवारी १९८४

चि. तेइजीस अ. उ. आ.

पुडकं पोस्टातल्या माणसानं बांधलं. सरकारी गाठ सैलच असते. माझे हात उत्तम आहेत. तू झाडाकडे बघ.

ताई


मोरिओका,
ता. २२ एप्रिल १९८४

ती. ताईस शि. सा. न.

वि. वि. अभिनंदन.

चेरीला कळ्या आल्या म्हणून काल इरलं सोडलं. झावळ्या सगळ्या तपकिरी, उकळलेल्या चहाच्या पत्तीसारख्या. मधला कोंब हलकेच ओढला तर अख्खा हातात आला. खाली कुजलं होतं, वास सांगण्यासारखा नाही. कुदोबाई कुंपणापलीकडे उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि घरात गेल्या.

तेव्हा पैज तू जिंकलीस. मी शब्दाचा पक्का आहे. जूनअखेर इथलं आवरतो. पुस्तकं शाळेला देईन, फुमिएच्या थडग्याची व्यवस्था देवळात सांगून ठेवीन. माझ्यासाठी कुठला कोपरा ठरवलायस ते कळव, म्हणजे हरलेल्या माणसानं कुठे बसायचं ते आधीच माहीत असेल. जेवताना रोज एकदा आठवण करून देशील याची खात्री आहे. ती आमटीबरोबर दे, भाताबरोबर नको. भात मला अजून आवडतो.

झाडाचा दोष नव्हता, ताई. मी सोललं म्हणून गेलं. मला फार वाईट वाटतंय.

तेइजी


नोकामी,
ता. ३ मे १९८४

चि. तेइजीस,
मित्सुएताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. (या खेपेला पूर्ण लिहिले आहेत, मोजून घे.)

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते देव्हाऱ्यात बाबांपुढे ठेवलं आणि सणाला करतात तसा लाल कडधान्याचा भात केला. दुसऱ्या दिवशी तुझी गादी उन्हात टाकली. तिसऱ्या दिवशी मागची खोली झाडली. असे पाच दिवस मी आनंदात होते, आणि पाचही दिवस एक गोष्ट मला ठाऊक होती ती तुला कळवली नाही. आता कळवते.

झाड फेकू नकोस. बुंधा अंगठ्यानं दाबून बघ. दगडासारखा कठीण असेल तर ते मेलेलं नाही. कोंब गेला म्हणजे जीव गेला असं नाही. पोकळीतला कुजका गाळ कापडानं टिपून काढ, वर छत्री धर, पाऊस आत जाऊ देऊ नकोस, आणि वाट बघ. मी आठ वर्षांची असताना हिमानं आपली तीन झाडं अशीच गेली होती. बाबांनी कुऱ्हाड लावू दिली नाही. पावसाळा सरता सरता तिघांनाही नवीन पान आलं. तू तेव्हा पाळण्यात होतास आणि आत्तासारखाच रडत होतास.

हे मी लिहिलं नसतं तर तू आला असतास. पत्र टाकेपर्यंत मी दोनदा परत फिरले.

आता दुसरं. उजव्या हाताचा अंगठा गेल्या वर्षापासून मिटत नाही. तारेनं झाडू आवळता येत नाही. चाळीसपैकी नऊच दिले, दुकानदार सभ्य आहे म्हणून गप्प बसला. पत्ते शेजारची मुलगी लिहिते. मला तू इथे हवा होतास तो तार आवळायला. प्रेमानं बोलावते आहे असा गैरसमज करून घेतला असशील तर काढून टाक, हे कामापुरता भाऊ असंच होतं. तरीपण मागची खोली झाडताना मी रडले, आणि ते काही तारेसाठी नव्हतं.

बुंधा दाबून कळव. खोटं लिहू नकोस. कठीण असला तर पैज अजून चालू आहे.

तुझी ताई


मोरिओका,
ता. १२ जुलै १९८४

ती. ताईस,
तेइजीचा शि. सा. न.

वि. वि. बुंधा कठीण होता. मे महिन्यात कळवलं नाही, कारण आशा लावून पुन्हा हरायची माझी ताकद नव्हती. दोन महिने कुदोबाई आणि मी आळीपाळीनं छत्रीकडे बघत होतो.

परवा सकाळी पोकळीतून बोटभर हिरवं वर आलं. आज वीतभर आहे. अजून मिटलेलंच आहे, पण पंख्याच्या घड्या स्पष्ट दिसतात. कुदोबाईंनी त्याला नेहमीपेक्षा जास्त वाकून नमस्कार केला.

म्हणजे मी जिंकलो. तीन हिवाळे पुरे झाले. ठरल्याप्रमाणे ‘घरी ये’ हे तू मला पुन्हा लिहायचं नाहीस. लिहूच नकोस, कारण त्याची गरज नाही. मी तीन ऑगस्टच्या गाडीनं येतो आहे, ओबोनला, पितरांच्या सणाला, बाबांचा दिवा माझ्या हातानं लागेल. आणि राहायला येतो आहे. हरून आलो असतो तर आमटीबरोबर जन्मभर ऐकलं असतं. जिंकलेल्या माणसाला हवं तिथे जाता येतं, त्यानं घरी येऊ नये असं काही तुझ्या पैजेत ठरलेलं नव्हतं.

झाड इथेच राहील. त्यानं कमावलेली जागा आहे ती. कुदोबाई बघतील, आणि दर नोव्हेंबरला मी येऊन इरलं चढवीन आणि फुमिएला भेटून जाईन. विळा त्यांच्याकडेच आहे.

ते पाच दिवस तू गप्प बसलीस हे वाचून मला बरं वाटलं. इतकं कुणी मला बोलावलं नव्हतं.

झाडू उलटे ठेव, हवे तर साठ ठेव. त्यांच्यामधून वाट काढत आत येईन आणि तार आवळायला बसेन. तू फक्त चुका काढ, त्यासाठी अंगठा लागत नाही.

लोभ आहे, तो घेऊनच येतो.

तेइजी


नोकामी,
ता. १९ जुलै १९८४

चि. तेइजीस अ. उ. आ.

जिंकलास, कबूल. मास्तरांना असा शेरा जन्मात एकदाच मिळतो, जपून ठेव.

येताना मुळ्याचं लोणचं आण. गाडीत खिडकी उघडून झोपू नकोस. तुझी गादी पुन्हा उन्हात टाकली आहे.

घरात सध्या सव्वीस झाडू आहेत. काल सगळे सुलटे उभे केले. तू येईपर्यंत त्यांची टोकं वाकतील, ओसाकाचा दुकानदार एकही घेणार नाही. वाकू देत.

तुझी ताई