दोरीवरचा पट्टा

चिमणे,

न्हाणीघरात दोरीवर वाळत घातलेला रुंद पट्टा बघून तू सकाळी विचारलंस, "बाबा, कंबर दुखतेय का?" मी हो म्हणालो. खोटं बोललो. तो मी शर्टाखाली पोट दाबायला बांधतो. व्यायाम शिकवणाऱ्या मास्तरचंच पोट सुटलेलं दिसलं तर पोरं हसतील, म्हणून.

आणि परवा पाहुण्यांसमोर मीच तुझ्या पोटावरून बोललो. सावकाश चाव, सोडा पिऊ नकोस, जेवल्यावर चार पावलं चाल. सल्ला खरा आहे गं, पण मी स्वतः उभ्याउभ्या बकाबका गिळतो आणि पोट फुगलं की पट्टा आवळतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

तेव्हापासून तू ताट तुझ्या खोलीत नेतेस आणि अर्धं तसंच परत आणतेस. मला दिसतं, पण तोंड उघडायची लाज वाटते, म्हणून लिहितोय.

ओट्यावर झाकून ठेवलंय ते पोटभर खा. मी वर्गाला चाललोय. पट्टा दोरीवरच राहू दे. पोरं हसली तर हसू देत.

रात्री ताट बाहेर आणशील? मी तुझ्या ताटात बघणार नाही. मी नीट चावतोय की नाही, ते तू बघ.

बाबा