लिनताईचा फॉर्म

मँचेस्टर,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय वीणामावशी,

नमस्कार आधीच करून टाकते. पुढचं वाचून तू चिडलीस तरी तो झालेला असेल.

हे पत्र मी तीन आठवडे लिहितेय, म्हणजे खरं तर टाळतेय. आधी पेन सापडत नव्हतं. पेन सापडलं तर स्टँप नव्हता. स्टँप आणायला गेले तर पोस्टाशेजारच्या चॅरिटी शॉपमध्ये माझ्या मापाचे रोलर स्केट्स दिसले आणि ते घेऊन घरी आले. स्टँप राहिलाच. बरं, स्केट्स घालून जाणार कुठे? मी राहते सातव्या मजल्यावर आणि लिफ्ट ऑगस्टपासून बंद आहे.

फोन का नाही केला, असं तू विचारशील. फोनवर तू "मुद्द्याचं बोल" म्हणतेस आणि तेवढ्यात माझा मुद्दा पळून जातो. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.

जूनमध्ये तुझ्याकडून न सांगता निघाले त्याबद्दल सॉरी. फ्रिजवर चिठ्ठी लावली होती, ती फ्रिजमागे पडली असं तुझा कुश नंतर म्हणाला. भांडण वगैरे काही नव्हतं गं. वेम्बलीत दोन वर्षं झाली होती आणि सकाळी उठलं की पायात काहीतरी वळवळायचं. आई-बाबांना मेडनहेडला फोन केला तर बाबा म्हणाले, "आता कुठला कोर्स सोडलास?" या वेळी सोडायला कोर्सही नव्हता. मग लेस्टर, मग इथे.

इथे मी एका टॉवर ब्लॉकमध्ये खोली घेतलीय. आठवड्यातले चार दिवस एका बेकरीत ट्रे धुते. या बिल्डिंगमध्ये निम्म्याहून जास्त लोक चिनी बोलणारे. कोणी टेकअवेमध्ये, कोणी पार्सलच्या गोडाऊनमध्ये, कोणी हॉटेलच्या खोल्या साफ करतं. तळमजल्यावर कौन्सिलचा एक हॉल आहे. तिथे इंग्लिशचा क्लास चालतो, म्हाताऱ्या बायका व्यायाम करतात, आणि डॉक्टरचं, शाळेचं, वीजकंपनीचं पत्र कळलं नाही तर लोक ते घेऊन तिथेच येतात. मी एकदा मोबाइल चार्ज करायला म्हणून गेले आणि पत्रं वाचून दाखवायला लागले. तुझं रविवारचं, लोकांचे फॉर्म भरून द्यायचं टेबल आठवलं, देवळाच्या बेसमेंटमधलं, चपलांच्या रॅकशेजारचं. म्हटलं, हे मला येतं.

हॉल चालवतात क्वोकबाई. साठीच्या, हाँगकाँगला शाळेत गणित शिकवायच्या, इथे शाळेच्या किचनमध्ये काम करतात. चार वर्षांपूर्वी आल्या. का आल्या ते सांगत नाहीत. गुडघा दुखतो म्हणून कोणाच्या घरी वर जात नाहीत, लोकच खाली येतात. त्यांनी हॉलमध्ये एक नियम केलाय: कोणी कोणाला "तू कुठली" असं विचारायचं नाही. पहिल्याच मीटिंगला हाँगकाँगचे आणि चीनचे यांच्यात नोटीस कुठल्या चिनी लिपीत लावायची, जुन्या की सोप्या केलेल्या, यावरून इतकं पेटलं होतं की कोणीतरी चहाची किटली आपटली. मला वाटायचं की चिनी म्हणजे चिनी. तसं मुळीच नाही. क्वोकबाई बोलतात ते लिनताईला कळत नाही, आणि लिनताई बोलते ते क्वोकबाईंना कळलं तरी त्या कळल्यासारखं दाखवत नाहीत.

लिनताई माझ्या समोरच्या दारात राहते. शेहेचाळीसची आहे, टेकअवेमध्ये कुक, चीनच्या फुजियानची. मी सांगितलेलं नसताना मला आल्याचं पाणी आणून देते आणि माझ्या केसांकडे बघून नाक मुरडते. आम्ही मोबाइलवर भाषांतर करून बोलतो. मोबाइल एकदा तिला म्हणाला, "तुझी मुलगी भिजलेली आहे." मी म्हणायला गेले होते की तुझे कपडे बाहेर भिजतायत. तिची मुलगी तिकडे आजीपाशी आहे, चौदा वर्षांची. लिनताई एकदम रडायला लागली आणि मग कपड्यांकडे बोट दाखवलं तर हसायलाच लागली.

बघ, मुद्दा परत राहिला.

कौन्सिल तो हॉल बंद करणार म्हणतंय. नोव्हेंबरच्या सहा तारखेला ठरवणार. सप्टेंबरच्या मीटिंगला एक कौन्सिलर आला होता, चांगला गोड बोलत होता, आणि निघताना आपल्या असिस्टंटला हळूच म्हणाला, "ह्या ब्लॉकमधून मतं येतात किती?" हळूच म्हणाला, पण मी दारातच बुटांच्या लेस बांधत होते. मी क्वोकबाईंना सांगितलं. त्यांनी वही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "ठीक. मग मोजायला लावू."

म्हणून मतदारयादीचे फॉर्म आणले. शनिवारी दुपारी हॉलमध्ये रांग लागली. मावशी, तू बघायला हवं होतंस. मी उभी राहून सगळ्यांना सांगितलं की माझा पासपोर्ट भारताचा आहे, तरी मला इथे मत आहे, मी दिलंय! लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या असं शाळेनंतर पहिल्यांदाच झालं, आणि शाळेतही त्या सगळ्या वर्गासाठी होत्या.

एका दुपारी चौतीस फॉर्म झाले. लोक नाव, जन्मतारीख, नंबर सांगायचे, बाकीचं मी भरायचे, ते सही करायचे. रांगेतले पुढचे सगळे हाँगकाँगचे होते. त्यांच्याकडे ब्रिटिशांनी दिलेला वेगळा पासपोर्ट असतो आणि त्यावर मत देता येतं. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात मी तेच लिहीत गेले. पंधरा वेळा लिहिल्यावर हात आपोआप लिहायला लागतो.

तुझं टेबलावरचं वाक्य मला पाठ आहे. "आधी पासपोर्ट, मग पेन." मी विचारलं नाही. नियमच होता ना, विचारायचं नाही. मला वाटलं क्वोकबाई बघतायत. त्यांना वाटलं मी बघतेय. त्यांनाही कोणाला विचारायचं नव्हतं.

शेवटी शेवटी लिनताई आली. टेकअवेचा एप्रन तसाच. मोबाइल पुढे केला, त्यावर होतं: "मला पण?" मी म्हटलं, तुला पण! मला आहे तर तुला का नाही? तिच्या राष्ट्रीयत्वाच्या रकान्यातही हाताने तेच हाँगकाँगवाल्यांचं लिहिलं. तिने सही इतकी सावकाश केली की मागचे लोक चुळबूळ करायला लागले. तिने आयुष्यात कधी मत दिलेलं नाही.

चीनच्या पासपोर्टवर इथे मत नसतं, मावशी. भारताच्यावर असतं, कारण आपण कॉमनवेल्थ. हे तुला माहीत आहे. हे टेबलाशी बसणाऱ्या कोणालाही माहीत असायला हवं.

हे मी तुला का सांगतेय? तुला वाटत असेल की चूक झाली, दुरुस्त कर, विषय संपला. मी पण तेच म्हटलं असतं. पण तेवढंच नाहीये. अजून एक आहे आणि ते लिहायला मी मघाशी उठून खिडकी पुसून आले.

बावीस सप्टेंबरच्या तारखेचं कौन्सिलचं पत्र लिनताईला आलं. ती ते माझ्याकडेच घेऊन आली, अजून कोणाकडे जाणार? त्यात लिहिलंय की तुमच्या राष्ट्रीयत्वाचा पुरावा अठ्ठावीस दिवसांत पाठवा. खाली हेही लिहिलंय की मुद्दाम खोटी माहिती देणं गुन्हा आहे. मी वाचलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, हसायच्या तयारीत. आणि मी म्हटलं, "थँक यू म्हणतायत. फॉर्म मिळाला म्हणतायत."

खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं गं. तोंडातून निघालं. पत्र मी ठेवून घेतलं, फाइल करते म्हणाले. ते माझ्या बॅगेत आहे, स्केट्सच्या खाली.

मला वाटलं दोन दिवसांत काहीतरी सुचेल. आज बारा तारीख. वीसला मुदत संपते.

आणि काल काय झालं सांगते. नोव्हेंबरमध्ये लिनताईला इथे येऊन पाच वर्षं होतायत, कायमचं राहण्याचा अर्ज करायचाय. तो मिळाला की मुलीला आणायचं नीट बघता येईल. तो फॉर्म भरायलाही ती माझ्याकडेच आली, येताना तळलेले मासे घेऊन. त्यात एक प्रश्न आहे. तुम्ही इथल्या कुठल्या सरकारी कार्यालयाला कधी खोटी माहिती दिली आहे का? मी मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं. ती जोरात हसली, मान हलवली, नाही नाही नाही. आणि "नाही"पुढे खूण करायला तिने पेन माझ्याच हातात दिलं.

मी म्हटलं डोकं दुखतंय, उद्या करू. सकाळपासून तिने दोनदा दार वाजवलं. मी आवाज केला नाही.

आता मला काहीच कळेनासं झालंय. कौन्सिलला जाऊन सांगितलं की चूक माझी, तिने फक्त सही केली, तर ते बाकीचे तेहतीस फॉर्मही काढून बघतील. बघू देत, ते बरोबर आहेत. आहेत का? मला शंभर टक्के माहीत नाही, मी विचारलंच नाही ना कोणाला. आणि सहा तारखेच्या आधी तो गोड कौन्सिलर म्हणणार, बघा, हे असले फॉर्म. हॉल गेला. क्वोकबाईंनी आयुष्यात एक बेरीज चुकवली नसेल, आणि त्यांच्या हॉलवर माझ्यामुळे शिक्का बसणार. नाही सांगितलं तर लिनताई खोटारडी ठरते, तिच्याच सहीने. मी मधेच कुठे दिसतही नाही. फॉर्मवर माझं नावसुद्धा नाही.

तू म्हणशील यात न कळण्यासारखं काय आहे. मलाही लिहिताना तसंच वाटतंय. पण लिहिणं थांबलं की परत सगळं गोल फिरायला लागतं.

अजून एक सांगते आणि मग तू जे म्हणायचं ते म्हण. बॅग भरलेली आहे. ग्लासगोला एक मुलगी आहे, मायरा, बेकरीत ओळख झाली होती, तिच्याकडे सोफा आहे. संध्याकाळी साडेपाचची कोच, लांबची बस. तिकीट काल रात्री काढलं, मासे खाऊन झाल्यावर. हे पत्र कोच स्टेशनवर टाकायचं आणि तू बघशील काय करायचं ते, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. तू लिनताईला ओळखत नाहीस, तुला तिचा पत्तासुद्धा माहीत नाही, तरी मला वाटत होतं की तू

दार वाजलं.

लिनताई असेल म्हणून मी गप्प बसले होते. पण हे वाजवणं वेगळं आहे, तीन ठोके, मग थांबणं, परत तीन. पीपहोलमधून बघितलं. क्वोकबाई! भिंतीला हात लावून धापा टाकतायत. त्यांचा दुसरा हात लिनताईने धरलाय. या दोघी, ज्या हॉलमध्ये एका बाकावर बसत नाहीत. लिनताईच्या हातात उघडलेलं खाकी पाकीट आहे, पहिल्यासारखंच. कालच्या टपालाने कौन्सिलचं आठवण करून देणारं दुसरं पत्र आलं असणार, आणि मी दार उघडलं नाही म्हणून ती ते खाली त्यांच्याकडे घेऊन गेली. वाचून घ्यायला. तिला काय कळलंय ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही. ती हसत नाहीये.

क्वोकबाई दाराला तोंड लावून बोलतायत: "ऋजुता, तू आत आहेस. मी सात मजले चढलेय. आधी मला खुर्ची दे. मग ओरडते."

मी "आले, आले" म्हणाले. मराठीत म्हणाले, पण दोघींना कळलं बहुतेक, कारण ठोकणं थांबलं.

खोलीत खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर बॅग आहे. ती खाली उतरवते.

दार उघडायला निघालेली,
तुझी ऋजुता