रायीतलं बाहेर जात नाही

डिचोली तालुका, हद्दीवरून
१२ नोव्हेंबर १९८७

चि. विनायकभावोजी यांस वहिनीचे अनेक आशीर्वाद. खोकला थांबला का? सेजल काढा करून देते तो पिता, की मोरीत ओतता? आम्ही इकडे खुशाल आहोत, आणि तुम्ही पणजीहून धाडलेल्या सिनेमावाल्यांना वाटेला लावल्यापासून जास्तच खुशाल आहोत. (पत्र मराठीत आहे. राजभाषेच्या भांडणात तुम्ही कोकणीवाल्यांच्या मोर्चात होता, पण लग्नाआधी सेजलला पत्रं कोणत्या भाषेत लिहीत होता ते मी विसरलेले नाही.)

तुमच्या सहीच्या चिठ्ठीत आपल्या देवाच्या रायीला ‘ऐतिहासिक सरहद्दीवरील चित्रीकरणयोग्य जंगल’ म्हटलं होतं. अहो, पोर्तुगीज होते तेव्हा सत्याग्रहींना त्याच झाडीतून पलीकडची वाट दाखवणारा माणूस म्हणजे तुमचे वडील! डायरेक्टरला तिथे नायिकेचा नाच हवा होता आणि त्यासाठी मधली सात झाडं काढायची होती. ऐकल्याबरोबर मामंजी काठी उगारून धावले. मग जरा निवले आणि म्हणाले, “पुता, रायेंतली सुकी काडी लेगीत भायर व्हरूंक जायना.” सुकी काडीसुद्धा न्यायची नाही म्हटल्यावर डायरेक्टरने शर्टाला चिकटलेलं पानसुद्धा काढून ठेवलं. (भित्रा आहे, पण माणूस वाईट नाही.)

तो जीपकडे निघाला तेव्हा मी विचारलं, कॅमेऱ्यातलं काय? तो हसला, मी हसले नाही. काडी बाहेर जात नाही, तर झाडं, झरा आणि हद्दीचा दगड डबीत घालून मुंबईला कसे जातील? बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी मामंजींनी देवाला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली डावी पडली, म्हणजे नाही. डायरेक्टर म्हणतो, वारा होता, पुन्हा लावा. देवाकडे रीटेक नसतो, असं मी त्याला माझ्या हिंदीत सुनावलं आणि रीळ काढून द्यायला लावलं. ते आता देवाच्या पायरीवर पडलं आहे.

तेव्हा तुमच्या साहेबांना कळवा, शिक्का आणा नाहीतर पोलीस आणा, मी चुलीवरचा भात उतरवून रायीच्या तोंडाशी येऊन बसेन. गोव्याचं राज्य झालं म्हणून राय काही सरकारची झाली नाही. तुमची बढती अडली तर अडू दे, गावी या, भात आहे.

तुमची वहिनी,
सुमंगला

ता.क. डायरेक्टरची तक्रार आली तर उत्तर खुशाल कोकणीत द्या. माझी हरकत नाही.

दुसरा ता.क. हे कोणाला वाचून दाखवू नका. मामंजींनी काठी उगारली तेव्हाच डायरेक्टरने त्यांचा फोटो काढला. ते रीळ तिथेच संपलं आणि त्याने ते खिशात टाकलं. देवाच्या पायरीवर आहे ते दुसरं. मी पाहिलं आणि गप्प राहिले. सासूबाई गेल्या तेव्हा हार घालायला घरात एक फोटो नव्हता, तुम्ही किती रडला होता. त्याच्याकडून मामंजींची एक कॉपी मागून घ्या, मोठी, आणि हळूच माझ्या हातात द्या. मामंजींना कळलं तर रायीत परत नेऊन ठेवायला लावतील.